मुलाच्या पक्षाघाताची सूचना डी-डायमर देत नाही

हृदयविकार व पक्षाघात हे उतारवयाचे आजार, असा समज समाजात रूढ आहे. त्यामुळे फायब्रिनोजेन, डी-डायमर यांसारख्या रक्त गोठण्याशी निगडित तपासण्यांची चर्चा निघाली, की चाळिशी ओलांडलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. आदिलाबाद जिल्ह्यात मात्र पक्षाघाताचा धोका असलेला एक वर्ग पाटी-दप्तराच्या वयाचा आहे. तो म्हणजे गोंड, कोलाम व इतर समाजांतील सिकलसेलग्रस्त बालकांचा.

या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सतत फुटतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते आणि रक्त गोठण्याची प्रक्रिया कायम जागी राहते. म्हणूनच मूल हिंडते-फिरते असतानाही त्याचे डी-डायमर वाढलेले आढळते. हा आकडा आजाराची साक्ष देतो. पण कोणत्या मुलाला पक्षाघात होईल, हे सांगत नाही. केवळ त्यावर विसंबून रक्त पातळ करणारी औषधे देणे योग्य नव्हे.

धोका ओळखते ती ट्रान्सक्रेनियल डॉपलर ही वेदनारहित तपासणी. मेंदूच्या मुख्य धमन्यांतील रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर वा अधिक असल्यास धोका मोठा असतो. अमेरिकेत अशा 130 मुलांवर झालेल्या व 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नियमित रक्त दिलेल्या 63 मुलांपैकी एकालाच पक्षाघात झाला. उरलेल्या 67 पैकी 11 जणांना झाला. नियमित रक्त मिळविणे आपल्याकडे कठीण आहे, हे मान्य. परंतु किमान वर्षभर रक्त दिल्यानंतर निवडक मुलांना हायड्रॉक्सियुरियावर आणता येते, हे पुढे सिद्ध झाले आहे. कमी मात्रेतील हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके घटतात, हा अनुभव शेजारच्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी मांडला आहे.

1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाचणी करून कार्ड हाती देणे ही त्याची पहिली पायरी होय. माझे मत असे, की 2 ते 16 वर्षे वयाच्या प्रत्येक सिकलसेलग्रस्त मुलाचे वर्षातून एकदा डॉपलर व्हावे, आणि त्यासाठी उटनूरच्या पाड्यावरील आई-बापाला मजुरी बुडवून हैदराबाद गाठावे लागू नये. रिम्स, उटनूरची आदिवासी विकास संस्था व आपण खासगी डॉक्टर यांनी मिळून ठरविल्यास हे अशक्य नाही.

पालकांनीही एवढे ध्यानात ठेवावे: सिकलसेलग्रस्त मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले वा तीव्र डोकेदुखी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.