टेट्रिसचा गुण तोच दोष

वरून एक ठोकळा उतरतो. तो फिरवायचा, नेमक्या खाचेत बसवायचा. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. टेट्रिसचे नियम एवढेच. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तो तयार केला. त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले जात. तिथून तो घरगुती संगणकांवर आणि मग जगभर गेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात हातात मावणाऱ्या ‘ब्रिक गेम’मधून तो घरोघरी शिरला, तेव्हा त्याचे खरे नाव अनेकांना ठाऊकही नव्हते.

आता तो मोबाइलवर आहे आणि अशा कोड्यांच्या खेळांबरोबर ‘मेंदूचा व्यायाम’ ही पाटीही आली आहे. पालक ती वाचून मुलांना खेळू देतात, निवृत्त माणसे विस्मरणाच्या धास्तीने खेळतात. या पाटीला आधार मात्र तोकडा आहे. सराव असलेले खेळाडू आकृत्या मनातल्या मनात किती चटकन फिरवतात, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासले गेले. आकृत्या टेट्रिसच्या ठोकळ्यांसारख्या होत्या तिथे ते सरस ठरले. इतर आकृत्यांत विशेष फरक दिसला नाही. थोडक्यात, टेट्रिस खेळून माणूस टेट्रिसमध्ये तरबेज होतो. त्याने भूमिती सोपी जाईल किंवा चष्मा कुठे ठेवला ते आठवेल, ही अपेक्षा धरू नये.

खेळाचा खरा गुण वेगळाच आहे आणि त्याची जाहिरात फारशी होत नाही. तो मनातली चित्रे दाखवणारी जागा पूर्ण व्यापून टाकतो. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली स्मृतिभ्रंश झालेल्या पाच जणांनाही हा खेळ खेळायला दिला. खेळलो होतो हेच त्यांना आठवत नसे, तरी पाचांपैकी तिघांना झोप लागताना डोळ्यांपुढे पडणारे ठोकळे दिसले.

हीच पकड उपचाराच्या कामी येईल का, असा प्रश्न एमिली होम्स या मानसशास्त्रज्ञाला पडला. भीषण अपघातानंतर त्यातले एखादे दृश्य माणसाच्या मनात अचानक, नको असताना उसळते. ताजी आठवण मनात पक्की होत असतानाच ती जागा दुसऱ्या चित्रांनी अडवली तर? ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात वाहन अपघातानंतर सहा तासांच्या आत आलेल्या ७१ जणांवर हे पाहिले गेले. निम्म्यांना अपघात थोडक्यात आठवायला सांगून सुमारे २० मिनिटे टेट्रिस दिला, उरलेल्यांना रुग्णालयात आल्यापासून काय काय केले त्याची नोंद लिहायला सांगितली. पुढच्या आठवड्यात खेळणाऱ्यांना अशी दृश्ये सुमारे ६२ टक्के कमी वेळा दिसली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल आशादायक आहे, पण लहान गटावरचा आणि पहिल्या आठवड्यापुरता. महिन्यानंतरच्या तपासणीत दोन गटांत तसा ठळक फरक आढळला नाही. आघाताच्या आजारावर हातात मोबाइल देऊन भागेल, असा अर्थ कुणी काढला तर ते रुग्णाच्या जिवाशी खेळणे ठरेल. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा.

दोषही त्याच पकडीत आहे. शब्दकोडे सुटते, सुडोकूचा शेवटचा चौकोन भरतो, पेन खाली ठेवले जाते. मूळ टेट्रिसमध्ये जिंकणे नाहीच. ओळ भरल्याचे बक्षीस म्हणजे आणखी ठोकळे, तेही वाढत्या वेगाने. सात आकारांपैकी दोन नागमोडी आकार एकाआड एक सतत येत राहिले, तर सर्वोत्तम खेळाडूचाही डाव अखेर कोसळतो, हे गणितज्ञांनी सिद्ध केले आहे. म्हणजे प्रत्येक डाव हरूनच संपायचा, आणि हरलेला माणूस ‘आणखी एकदाच’ म्हणतो. रात्री अकरा वाजता अंथरुणात सुरू केलेला खेळ साडेबाराला संपतो, वर डोळे मिटल्यावरही ठोकळे पडत राहतात. याला सरसकट व्यसन म्हणणे अन्यायाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतला खेळाचा विकार याहून कितीतरी गंभीर असतो. पण रोजची तासभर झोप जाणे हेही लहान नुकसान नाही, विशेषतः परीक्षेच्या वर्षातल्या मुलाचे.

ऑक्सफर्डमधली २० मिनिटे संशोधकांनी मोजून ठरवली होती. घरी ते मोजमाप कुणीतरी करायला हवे, कारण खेळ ते करत नाही. काही आवृत्त्यांत ४० ओळी पुसल्या की डाव आपोआप संपतो. घरातल्या मुलाला किंवा आजोबांना हा खेळ लावून द्यायचाच असेल, तर तो प्रकार निवडावा आणि रात्रीच्या जेवणाआधीच खेळू द्यावा.