दुखण्याची बाकी ठेवूं नका

या मासिकांत बियाणें, खतें व बाजारभाव यांविषयीं पुष्कळ चर्चा होते, व ती व्हावयासच पाहिजे. परंतु नांगर धरणारा हात जेव्हां सहा-सहा महिने औषधास बांधला जातो, तेव्हां त्या घरच्या शेतीचें काय होतें, याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. माझा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तथापि क्षयरोगाचें दुखणें मीं दोन वेळां भोगलें आहे, आणि दुसरी वेळ केवळ माझ्या चुकीनें आली. तेवढ्याच अधिकारावर हे चार शब्द लिहीत आहें.

सन २०१९ च्या मार्चांत माझ्या थुंकींत क्षयाचे जंतु सापडले. सरकारी दवाखान्यांत मोफत औषध सुरू झालें. पहिले २ महिने चार औषधें व पुढील ४ महिने त्यांपैकीं तीन, असा ६ महिन्यांचा क्रम. आरंभीं मळमळ होई व लघवी तांबूस होई. हा तांबूसपणा एका औषधाच्या रंगाचा असतो, त्यास भिऊं नये. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, वजन वाढलें. इतक्यांत मृगाचा पाऊस पडला. शेजाऱ्यांच्या तिफणी चालूं लागल्या आणि आमचें रान तसेंच पडलेलें. "आतां तुम्ही धडधाकट दिसतां," असें चार जण म्हणाले, व मलाही तेंच ऐकावयाचें होतें. मी पेरणीस उभा राहिलों. गोळ्या आणावयास जाणें आज-उद्यांवर टाकलें, आणि पुढें तें सुटलेंच. आरोग्यसेविका दोन वेळां घरीं आल्या; "मी बरा आहें" असें सांगून मीं त्यांस परत पाठविलें. माझें दुखणें काय आहे, हें कुटुंबाखेरीज घरांतही कोणास ठाऊक नव्हतें. लोक काय म्हणतील, ही भीति.

आम्हां कचेरीच्या माणसांस थकबाकीचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. थोडी राहिली म्हणून ती मिटत नाहीं. ती पुढच्या सालावर चढते. या रोगाचेंही तसेंच आहे. पहिल्या २ महिन्यांत बहुतेक जंतु मरतात, म्हणून माणसास बरें वाटतें. परंतु जे थोडे सुस्त पडून राहतात, त्यांच्यासाठीं पुढचे ४ महिने असतात. अर्धवट मात्रेची फवारणी केल्यास औषधास न जुमानणारी कीड माजते, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनींही तोच धोका उत्पन्न होतो.

जानेवारी २०२० मध्यें जंतु पुन्हा सापडले. ते औषधास दाद देणारे निघाले, हें माझें दैव. पण क्रम मात्र पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू झाला. त्या वेळीं घरांतील सर्वांची तपासणी झाली, आणि माझ्या धाकट्या बंधूच्या ११ वर्षांच्या मुलासही हाच रोग निघाला. तो रोज रात्रीं माझ्याजवळ निजत असे. माझी थकबाकी त्या पोराच्या खात्यांतून वसूल झाली. बंधु मला एक शब्दही बोलला नाहीं. बोलला असता तर बरें वाटलें असतें.

दुसरें दुखणें मीं निराळ्या रीतीनें काढलें. जमीन एका हंगामापुरती वाट्यानें दिली. सकाळीं आम्ही चुलते-पुतणे ओट्यावर समोरासमोर बसून गोळ्या घेत असूं, व भिंतीवरच्या कॅलेंडरावर तो खूण करी. मार्चअखेर टाळेबंदी लागली, तेव्हां आशाताईंनीं औषध घरीं आणून दिलें. अंगांत थोडी शक्ति आल्यावर बांधापर्यंत जावें आणि दुसऱ्याच्या हातचें पीक पाहून परत यावें; तें मला गोळ्यांहून कडू वाटे. पण दोघेही पुरते बरे झालों. मुलगा आज खडखडीत आहे.

पूर्वीं अशा रोग्यांस मिरज, पांचगणीसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामांत ठेवीत. मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या प्रयोगानें १९५९ सालीं असें दाखविलें कीं, औषध नीट घेतल्यास घरीं राहूनही रोगी तितकाच बरा होतो. त्यामुळें गरिबांची सोय झाली. परंतु दुखणें निभावण्याचा भार घरावर आला. आहाराचेंही महत्त्व तितकेंच आहे. झारखंडांत रोग्यांच्या घरच्या मंडळींस धान्य व डाळी अधिक दिल्या असतां त्यांच्यांत नवा क्षय सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झाला, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें आहे.

कोणी म्हणेल, औषध सरकार देतें. आहारासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मग आपण काय करावयाचें? उत्तर असें कीं, सरकार गोळी देईल, पेरणी करून देणार नाहीं. मला रोगानें औषधापासून तोडलें नाहीं. पडीक रानानें व लोकलज्जेनें तोडलें. या दोन गोष्टींवर उपाय आपल्याच हातीं आहे.

म्हणून माझी सभेस विनंति आहे. प्रत्येक गांवीं, ज्या सभासदाच्या घरीं असें दीर्घ औषध चालूं असेल, त्याच्यासाठीं पेरणीस एक व काढणीस एक अशी दोन दिवसांची इर्जिक करावी. इर्जिक ही आपली जुनीच चाल आहे. बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आला म्हणून ती मोडावयास नको. आणि त्या घरीं जाणें-येणें सोडूं नये. औषध नीट चालूं झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून संसर्ग होत नाहींसा होतो. रोग्यानेंही दुखणें लपवूं नये, घरच्या सर्वांस तपासून घ्यावें, आणि डोळे पिवळे दिसल्यास अथवा नजर अंधुक झाल्यास तत्काळ डॉक्टरांस गांठावें.

एक हंगाम दुसऱ्याच्या हातून गेला तर पुढचा आपला असतो. सहाव्या महिन्याची शेवटची गोळी घेईपर्यंत, बरें वाटणें ही केवळ पावती समजावी. खातें बंद झालें असें समजूं नये.