डोळ्यांतलें घड्याळ

खानदेशांत वैशाख लागला कीं, घरोघर एकच शिरस्ता सुरू होतो. सकाळीं ९ च्या सुमारास दारें-खिडक्या लावून घ्यावयाच्या आणि दिवस कलेपर्यंत अंधाऱ्या माजघरांत वेळ काढावयाचा. जळगांव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, त्या अर्थीं हा शिरस्ता शहाणपणाचाच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दिवस असा अंधारांत गेल्यावर रात्रीं मात्र गच्चीवर दिवे लागतात, आणि लहानथोरांच्या हातांतील मोबाइल मध्यरात्रीपर्यंत उजळलेले असतात. डोळ्यांच्या लेखीं दिवसाची रात्र झाली व रात्रीचा दिवस!

डोळा हा केवळ पाहण्याचा अवयव, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो कालमापनही करतो. मंद उजेडांत काम करणाऱ्या दंडपेशी व लख्ख उजेडांत काम करणाऱ्या शंकुपेशी शास्त्रज्ञांस फार पूर्वीपासून ठाऊक होत्या. २००२ सालीं डेव्हिड बर्सन व त्यांचे सहकारी यांनीं नेत्रपटलांतील आणखी कांहीं मज्जापेशी स्वतःच प्रकाशास प्रतिसाद देतात, असें दाखवून दिलें. त्यांतील मेलॅनॉप्सिन हें द्रव्य निळसर उजेडानें विशेष जागें होतें. या पेशींचें मुख्य काम चित्र दाखविण्याचें नव्हे. मेंदूंतील घड्याळास ‘दिवस उजाडला’ ही वर्दी देण्याचें आहे. म्हणूनच दृष्टि गेलेल्या कांहीं अंध व्यक्तींचेंही शरीर दिवस-रात्र ओळखतें.

नवल असें कीं, हा व्यवहार एकमार्गी नाहीं. नेत्रपटलासही स्वतःचें घड्याळ आहे. १९९६ सालीं टोसिनी व मेनेकर या संशोधकांनीं हॅमस्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याचें नेत्रपटल शरीराबाहेर जिवंत ठेवलें, तरी तें सुमारें चोवीस तासांच्या तालानें मेलॅटोनिन बनवीत राहिलें. दिवसां नेत्रपटलांत डोपामिन वाढून लख्ख उजेडाची तयारी होते. रात्रीं मेलॅटोनिन वाढून मंद उजेडाची. शिवाय, सकाळचा उजेड रात्रींची झोंप लवकर आणतो, आणि रात्रीं उशिराचा उजेड तीच झोंप लांबवितो. डोळा तोच, उजेड तोच. वेळ बदलली कीं परिणाम बदलतो.

आमचे चुलते तात्या धुळ्यास असतात. वय ऐंशीच्या घरांत. गेल्या उन्हाळ्यांत ते दिवसभर पेंगत, आणि रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत ओटीवर येरझारा घालीत. मंडळींनीं तें म्हातारपणावर घातलें. आम्हींही तसेंच मानलें, याचा आज खेद वाटतो. एके रात्रीं उंबऱ्यास ठेंचाळून ते पडले, तेव्हां कोठें डोळे तपासण्यांत आले, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वयाबरोबर नेत्रभिंग पिंवळें पडतें व नेमका निळसर उजेडच अडवितें. म्हणजे दारें लावलेल्या घरांत तात्यांच्या डोळ्यांवर आणखी एक पडदा होता! शस्त्रक्रिया झाली, आतां रोज सकाळीं त्यांची खुर्ची अंगणांत असते. तरुणपणची झोंप कांहीं परत आली नाहीं. पण येरझारा थांबल्या.

उपाय बिनखर्चाचा आहे. मे महिन्यांत जळगांवास सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. ऊन तापण्यापूर्वीं दोनएक तास हाताशीं असतात. बंद खोलींतला उजेड पुष्कळदां १०० लक्सही भरत नाहीं. सकाळच्या मोकळ्या सावलींत तो हजारोंनीं मोजावा लागतो. तेव्हां धान्य निवडणें, मुलांचा पाठ, आजोबांचें वर्तमानपत्र हें सारें त्या वेळीं अंगणांत वा गच्चीवर चालावें. सूर्याकडे टक लावून मात्र कोणी पाहूं नये. रात्रींचीं जेवणें आटोपलीं कीं दिवे मंद करावे व मोबाइल बाजूस ठेवावे. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस झोंप येईनाशी झाली, तर ‘वयाचें असेंच’ म्हणून गप्प न बसतां वैद्यकीय सल्ला घ्यावा व त्यांचे डोळेही तपासून घ्यावे.

दारें उन्हासाठीं लावावीं, उजेडासाठीं नव्हे.