सफरीत उघडी पडणारी दोस्ती

बारावीची परीक्षा संपली, सीईटी आणि नीटचे पेपर झाले की घराघरांत एक मागणी हमखास येते. "अम्मी, आम्ही सगळे दोस्त मिळून कोकणात जाणार!" अब्बा आधी विचारतात, गाडी कोण चालवणार? ते रास्तच आहे, कारण 18 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कारचे लायसन्स मिळत नाही. मग ड्रायव्हरसह गाडी ठरते, काँट्री ठरते, परवानगी मिळते. दोन दिवसांनी मूल सुखरूप परत येते; पण कधी कधी गप्प होऊन येते.

मागे आमच्या शाळेतली पाच मुले अशीच कोल्हापूरहून रत्नागिरीला गेली होती. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, असा सुमारे 130 किलोमीटरचा रस्ता. पाचवीपासून एका वर्गातली मुले. घाट उतरेपर्यंत मस्करीला ऊत आला होता. साखरप्याला चहासाठी थांबले आणि मुक्कामाचा विषय निघाला. एकाला एसी खोली हवी होती, दुसऱ्याने घरून मोजून पैसे आणले होते. तो एवढेच म्हणाला, "मी गाडीत झोपतो."

दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेस पाहायला गेले. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी 1910 साली बांधलेला हा वाडा. तिथे आवारात कॉलेजांचे कटऑफ निघाले. दोघे पुण्याच्या हॉस्टेलबद्दल रंगून बोलत राहिले. वडिलांच्या गॅरेजमध्ये बसणार असलेला मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसला. भाट्याच्या किनाऱ्यावर फोटो पाचही जणांचा निघाला, पण परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. महिनाभरात त्यांचा ग्रुपही थंडावला.

त्यातल्या एकाच्या अम्मीने आम्हाला विचारले, "सर, भांडण झालं नाही, मग दोस्ती का गेली?"

'सफर' हा शब्द उर्दूत अरबीतून आला. त्या शब्दाच्या धातूला 'पडदा दूर करणे, उघड करणे' असाही अर्थ आहे. शाळेत सर्वांचा गणवेश एक, घंटा एक, डबा वाटून खाल्लेला. कोणाच्या घरी किती पैसा आहे, कोणाची वाट कुठे जाणार, हे त्याखाली झाकलेले असते. दोन दिवस एका गाडीत बसले, एका खिशातून खर्च केला की ते उघडे पडते. फरक आधीपासून होताच, मुलांनी तो पहिल्यांदा पाहिला. शिवाय इतकी वर्षे रोजची भेट शाळा घडवून आणत होती. आता ती स्वतः घडवावी लागते, आणि ते त्यांना कोणी शिकवलेले नसते.

म्हणून पालकांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. सहल ठरताना एकूण खर्चाचा आकडा सर्वांसमोर मांडायला लावा, आणि ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याला झेपेल असाच बेत करायला सांगा. घरात दोस्तांच्या मार्कांची तुलना करू नका. तीच भाषा मुले गाडीत घेऊन बसतात. मूल हिरमुसून आले तर "आम्ही सांगतच होतो" हे वाक्य गिळून टाका. जेवायला वाढा, जवळ बसा. ते आपणहून बोलेल.

मुलींना अशी सहल क्वचितच मिळते. त्यांच्या मैत्रिणी एकाच गावात राहून दुरावतात. कोणाचे लग्न ठरते, कोणी डीएडला जाते, कोणाचे शिक्षण थांबते. हे दुःख घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. तिलाही कधी विचारावे, "हल्ली तुझी ती मैत्रीण दिसत नाही?"

शाळेतली प्रत्येक दोस्ती जन्मभर टिकेलच असे नाही, आणि लांब जाणे म्हणजे दुश्मनी नव्हे, हेही मुलांना सांगायला हवे. पाचांतले दोन उरले तरी पुष्कळ झाले. बाकीच्यांसाठी दार उघडे असावे. ईदला एक फोन, शीरखुर्म्याचे एक बोलावणे, कोणाच्या अब्बांची तब्येत बिघडली तर दवाखान्यात एक फेरी. पुण्याला गेलेल्याने सुट्टीत गावी आल्यावर गॅरेजमध्ये जाऊन दहा मिनिटे बसावे. पहिले पाऊल त्यानेच टाकावे, कारण गॅरेजमधल्याला ते टाकणे जास्त अवघड असते.