आधी झोप, मग अभ्यास

दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर आली की आमच्या घराघरांतून एकच वाक्य ऐकू येते, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला दहालाच झोप येते?" बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण विद्यार्थी भीमरावांची दुसरी गोष्टही आपण मुलांना सांगायला हवी.

सुभेदार रामजीबाबा तेव्हा परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. स्वयंपाक, सरपण, भांडीकुंडी, माणसे आणि शेळीसुद्धा त्याच खोलीत. तिथे अभ्यास कसा व्हावा? रामजीबाबांनी युक्ती काढली. मुलाला ते लवकर झोपवीत, स्वतः जागत, आणि रात्री दोनला त्याला उठवून मग आपण आडवे होत. त्याच खोलीतून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. मुलाच्या झोपेची काळजी बापाने वाहिली होती, हे ध्यानात घ्या.

आज कोपरला आमची कित्येक कुटुंबे अशीच एका-दीड खोलीत राहतात. खालून लोकल धावतात, वरून दिवा-वसई मार्गाच्या गाड्या जातात. रात्री अकराला कामावरून आलेला माणूस जेवतो, टीव्ही चालू असतो, पहाटे नळाला पाणी येते. अशा घरात मुलाने कधी झोपावे हे त्याच्या एकट्याच्या हातात नसते. म्हणून आमचे सांगणे विद्यार्थ्यांआधी मायबापांना आहे.

या वयाच्या मुलांना दिवसाकाठी आठ तास झोप लागते. वाचलेले डोक्यात पक्के बसते तेही झोपेतच. रात्रभर जागून पेपरला गेलेल्या मुलाला पाठ केलेले उत्तरही ऐनवेळी आठवत नाही. जागे राहण्यासाठी चहावर चहा नको, आणि गोळ्या तर मुळीच नकोत. तेव्हा महिनाभर टीव्ही नऊला बंद करा. मोबाइल आईच्या उशाशी ठेवा. मूल नऊला झोपले तर पहाटे पाचला ताजेतवाने उठते, आणि तेव्हा चाळही शांत असते. शेजारी हळदीचा डीजे रात्री दहानंतरही वाजत असेल, तर चार घरांनी मिळून जाऊन सांगावे. रात्री १० ते सकाळी ६ भोंग्यांना कायद्याने मनाई आहे. विहाराची खोली संध्याकाळी अभ्यासाला उघडी ठेवता आली तर फारच उत्तम.

मुलींबद्दल वेगळे सांगतो. परीक्षा भावाची असली की त्याला हातात ताट मिळते. बहिणीची असली तरी पाणी भरणे आणि भांडी तिच्याच वाट्याला. हा महिना तिचे काम घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा मुलीला वाचताना गळून गेल्यासारखे होते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको.

खाण्याला मोठा खर्च लागत नाही. भाकरी, डाळ, मोडाची मटकी, अंडे, सुकट, शेंगदाणे-गूळ एवढे पुरे. सकाळचा पेपर ११ वाजता असतो, म्हणून नऊच्या सुमारास पोटभर, पण तेलकट नसलेले खाऊन निघावे. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली घरूनच न्यावी. केंद्राबाहेरचा बर्फाचा गोळा आणि सरबत परीक्षा संपेपर्यंत टाळावे. जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. उतार नसेल तर डॉक्टरकडे न्यावे.

शेवटी मनाचे. मूल जेवत नसेल, गप्प-गप्प राहत असेल, "मी नसलो तर बरे" असे काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. जवळ बसवा, एकटे सोडू नका. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.

पेपरला निघताना "किती टक्के पाडशील?" असे विचारू नका. डबा, पाणी, हॉल तिकीट पाहा आणि हसून जयभीम करा.