सत्तर डॉलरची बातमी

युद्धभूमीवरून बातम्या पाठवणाऱ्या पत्रकाराचा विषय निघाला की आपण 'काय डेअरिंग आहे बुवा!' म्हणून मोकळे होतो. मीही त्यातलाच. पण फ्रीलान्स युद्धपत्रकारांबद्दल, म्हणजे कुठल्याच पेपरात किंवा चॅनेलवर नोकरीला नसलेल्यांबद्दल, जसजसं वाचत गेलो तसतसं वाटायला लागलं की या कौतुकाच्या नादात आपण एक साधा व्यवहारी प्रश्न विचारतच नाही. यांना पैसे किती मिळतात? आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची?

आधी पैशांचं बघू. फ्रान्चेस्का बोर्री ही इटालियन फ्रीलान्स पत्रकार सीरियातून लिहायची. 2013 मध्ये 'कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यू'मध्ये तिने आपला हिशोबच मांडला. एका बातमीचे 70 डॉलर. बंडखोरांच्या तळावर जमिनीवरच्या गादीवर झोपायचे रात्रीला 50. गाडीचे दिवसाला 250. विमा काढायचा तर महिन्याला जवळपास 1000. म्हणजे बघा, चौदा बातम्या विकल्या तरी विम्याचेसुद्धा पैसे पुरते सुटत नाहीत! मग काटछाट कशात होणार? विम्यात, दुभाष्यात, खात्रीच्या ड्रायव्हरमध्ये. जिथे काटछाट करू नये नेमकी तिथेच.

आता जेम्स फोलीचं उदाहरण घ्या. हा अमेरिकन माणूस आधी शिक्षक होता, पत्रकारितेत जरा उशिराच आला. 5 एप्रिल 2011 ला लिबियात ब्रेगाजवळ गद्दाफीच्या सैनिकांनी त्याच्या गटावर गोळीबार केला. बरोबरचा दक्षिण आफ्रिकन छायाचित्रकार अँटोन हॅमर्ल तिथेच गेला. फोली आणि इतर दोघे पकडले गेले. ते 44 दिवसांनी सुटले, तेव्हा कुठे हॅमर्लच्या बायकोला कळलं की नवरा आता नाही. तोवर बिचारी तो कैदेत आहे याच आशेवर होती. घरी तीन मुलं. हॅमर्लही फ्रीलान्स, त्यामुळे मागे उभी राहील अशी कंपनी नाही. त्या मुलांसाठी पैसे उभे करायला पुढे कोण आलं? फोली आणि मित्रमंडळी. म्हणजे जे काम मालकाने करायचं ते तितक्याच कडक्या सहकाऱ्यांनी केलं.

एवढं सोसून फोली पुन्हा सीरियात गेला. 22 नोव्हेंबर 2012 ला त्याचं अपहरण झालं आणि ऑगस्ट 2014 मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने त्याला ठार मारलं. पुढचा क्रमांक स्टीव्हन सॉटलॉफचा. तोही फ्रीलान्सच.

"पण कुणी बोलावलं होतं? स्वतःच्या मर्जीने गेला ना?" हा प्रश्न हमखास येतो. गेला मर्जीनेच, मान्य. पण त्याने पाठवलेलं काम घेणारेही मर्जीनेच घेत होते की! ठरलेल्या दिवशी कुणी बोलावत नाही, पाठवतही नाही. माल चांगला आला की मात्र गिऱ्हाईक हजर. यात विकणाऱ्याचा धोका शंभर टक्के आणि घेणाऱ्याचा शून्य.

सप्टेंबर 2014 मध्ये एएफपी या वृत्तसंस्थेने जाहीर केलं, की जिथे आम्ही आमचा माणूस पाठवत नाही तिथून फ्रीलान्सरने आणलेलं काम आम्ही घेणार नाही. याच एएफपीसाठी फोली काम करत असे. त्यामागचा विचार समजतो. विकत घेतलं तर आणखी पोरं जीव धोक्यात घालून जातील. पण मला हा उपाय अर्धाच वाटतो. स्वतःची माणसं पाठवायची नाहीत आणि दुसऱ्यांचं घ्यायचं नाही, तर मग तिथलं कळणार कसं? मारणाऱ्यांना तर हेच हवं असतं.

त्यापेक्षा जबाबदारी माणूस निघायच्या आधी ठरवा. फेब्रुवारी 2015 मध्ये एएफपी, एपी, रॉयटर्स, बीबीसी यांच्यासह अनेक संस्थांनी मिळून तत्त्वं मान्य केली, त्यात हेच आहे: फ्रीलान्सरच्या सुरक्षेची काळजी आपल्या नोकरदारांइतकीच घ्यायची. आणि काही गोष्टी तर अगदी साध्या असतात. छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन 2011 मध्ये मिस्राताला जखमी झाला आणि रक्तस्रावाने गेला. त्याचा मित्र सेबास्टियन युंगर याला नंतर कळलं, की रक्त थांबवणं जवळच्या कुणाला येत असतं तर कदाचित तो वाचला असता. मग त्याने फ्रीलान्सरना प्रथमोपचार फुकट शिकवणारी संस्था काढली. हेही शेवटी मित्रानेच केलं!

मला वाटतं यात आपलाही वाटा आहे. बातमी आपल्याला फुकट हवी असते, ताजी हवी असते, आणि फोटोही 'अगदी जवळून' काढलेला हवा. तेवढं जवळ कोण गेलं, कुणाच्या खर्चाने गेलं, हे आपण विचारत नाही. असो. मी आता फोटोखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचायची सवय लावून घेतली आहे. त्याने कुणाचा विमा निघत नाही, कबूल. पण नुसतं 'डेअरिंग' म्हणून पान उलटणं मात्र आता जमत नाही.