बंब वेळेवर निघतो, गल्लीत अडकतो

शाळेत आम्ही मुलांकडून १०१ नंबर पाठ करून घेतो. तो फोन गेला की अग्निशमन केंद्रात घंटा वाजते, जवान हातातला घास टाकून गाडीत चढतात. हजेरी, कवायत, पंप आणि होज पाइपची तपासणी, हा त्यांचा रोजचा दिवस काही मिनिटे वाचवण्यासाठीच असतो. तीच मिनिटे आपण मोहल्ल्याच्या तोंडाशी घालवतो: आडव्या लावलेल्या बाईक, रस्त्यावर आलेली दुकाने, जिन्यातले भंगार.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीच्या स्फोटात दलाचे ६६ जवान गेले. २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत चार अधिकारी. दर एप्रिलमध्ये सलाम करून आपण मोकळे होतो. आमचे म्हणणे एवढेच, मोहल्ला कमिटीने एका रात्री गल्लीतून बंब जाईल का, हे चालून बघावे. आग लागल्यावर बाईकची चावी शोधायला वेळ नसतो.